छोटी गाडी, भरलेले कुटुंब : पैसा आधी कुठे लावावा?

आपल्या बहुतेक घरांत पहिली चारचाकी येते ती छोटी, आणि बरेचदा कुणाकडून तरी वापरून आलेली. जुनी आल्टो, जुनी वॅगन-आर किंवा सँट्रो. गाडी दारात लागली की पहिल्याच आठवड्यात ती अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जाते. नवी सीट कव्हर बसतात, पुढे लोखंडी गार्ड लागतो, मुले हट्ट करून अलॉय चाके घ्यायला लावतात. दहा-पंधरा हजार रुपये बघता बघता उडतात.

मग सुट्टी लागते. अम्मी-अब्बा, दोन मुले, कडेवरचे बाळ आणि डिकीभर सामान घेऊन हीच गाडी भर पावसात परशुराम घाटातून किंवा आंबा घाटातून गावाकडे निघते. प्रवासाची दुआ पढून आपण निघतो खरे; पण वळणावर गाडी धरून ठेवणारे टायर मात्र कित्येकदा गुळगुळीत झालेले असतात. या लेखात आम्ही एवढेच मांडणार आहोत की मोजक्या पैशांत छोटी गाडी अधिक भरवशाची करायची असेल, तर खर्चाचा क्रम काय असावा.

आधी गाडीची मर्यादा ओळखा

२०१४ च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडक चाचणी घेतली. आल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. त्यानंतर नियम कडक झाले. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक, जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग आणि २०२१ च्या अखेरीपासून शेजारच्या सीटसाठीही एअरबॅग सक्तीची झाली.

म्हणजे आपली गाडी २०१९ च्या आधीची आणि साध्या मॉडेलची असेल, तर तिच्यात एबीएस आणि एअरबॅग बहुधा नसणार. या दोन्ही गोष्टी नंतर गॅरेजमध्ये बसवून घेण्यासारख्या नाहीत. कुणी स्वस्तात बसवून देतो म्हणाला तर तिथून निघून यावे. अशा गाडीत आपल्या हाती दोनच गोष्टी उरतात : अपघात टळेल अशी गाडी ठेवणे, आणि अपघात झालाच तर प्रत्येक माणूस आपल्या जागी बांधलेला असणे.

पहिला पैसा टायरला

रस्त्याला टेकलेला प्रत्येक टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. ब्रेक, वळण, पावसातली पकड, सगळे या चार तळहातांवर चालते. त्यामुळे पहिला खर्च इथेच.

टायरच्या खोबणीत छोटे रबरी उंचवटे असतात. बाकीचे रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की खोबण १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे कायद्याने टायर संपला. पण पावसाळ्यात तिथपर्यंत थांबू नये. खोबण ३ मिलिमीटरच्या आत आली की पाणी नीट बाहेर फेकले जात नाही आणि गाडी पाण्यावर तरंगू लागते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. टायर फारसा चालला नसला तरी पाच-सहा वर्षांत रबर कडक होत जाते, हे जुनी गाडी घेताना लक्षात ठेवावे.

चारही टायर एकदम घेणे जमत नसेल तर दोन घ्या, पण नवे दोन मागे लावा. पुष्कळ जण पुढे लावतात. मागचे टायर गुळगुळीत असले तर ओल्या वळणावर गाडीची शेपूट सरकते आणि गाडी गरकन फिरते. ती सावरणे साध्या चालकाच्या हातात राहत नाही.

रुंद टायर लावायचा मोह असेल तर हिशेब करूनच लावा. आल्टो ८०० चा मूळ टायर १४५/८० आर १२ असतो आणि त्याचा व्यास सुमारे ५३७ मिलिमीटर भरतो. १५५/६५ आर १३ चा व्यास सुमारे ५३२ भरतो, म्हणजे फरक एका टक्क्याचा. एवढे चालते. पण व्यास जमला तरी भारांक वेगळा पाहावा लागतो. टायरवर ७४ असेल तर तो एक टायर ३७५ किलो वजन पेलतो. नव्या टायरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. आणि त्याहून मोठी चाके लावली की ती आतल्या पत्र्याला घासतात, स्टिअरिंग जड होते, मायलेज उतरते.

हवा मात्र जवळजवळ फुकट आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत हवेचा आकडा दिलेला असतो. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिला असेल तर गावाला निघताना तोच धरावा. हवा थंड टायरमध्ये भरावी आणि स्टेपनीला विसरू नये.

दुसरा पैसा गाडीच्या सांध्यांना

गाडी वळणावर झुलते, खड्ड्यात धडधडते, ब्रेक मारला की एका बाजूला ओढते. तेव्हा लोक म्हणतात, छोटी गाडी अशीच असते. नवी असताना ती अशी नव्हती. झिजलेले शॉकअप, फाटलेली रबरी बुशे आणि सैल बॉल जॉइंट हे त्यामागचे खरे कारण असते.

तपासणी सोपी आहे. बोनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डोलली तर शॉकअप गेले. शॉकअपवर तेल ओघळलेले दिसले तरी तेच. बदलताना डावा-उजवा दोन्ही एकदम बदला आणि बिलासह चांगल्या कंपनीचा माल घ्या. कुर्ल्यात किंवा पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग स्वस्त मिळतात, पण ब्रेक, स्टिअरिंग आणि शॉकअप यांत वापरलेला माल घेऊ नये. दाराची काच, आरसा, हँडल जुने चालेल.

बुशे काही शे रुपयांत येतात आणि गाडीचा स्वभावच बदलतात. हे काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्या. आधी करून घेतले तर पैसे वाया जातात. त्याच फेरीत ब्रेक पॅड, मागचे लायनर आणि ब्रेक ऑइल पाहून घ्यावे. हे ऑइल हवेतले पाणी शोषते, त्यामुळे साधारण दोन वर्षांनी ते बदलणे बरे. नाहीतर लांब घाट उतरताना ब्रेक तापतो आणि पेडल पोकळ लागते.

स्प्रिंगमध्ये बसवायचे रबरी बफर सध्या सर्रास विकले जातात. गाडी थोडी उचलली जाते, खाली घासत नाही, हे खरे. पण स्प्रिंगचे काही वेढे त्यामुळे अडकतात, उरलेल्यांवर ताण येतो आणि गाडी उंच झाल्याने वळणावर जास्त कलते. मागचा भाग बसला असेल तर स्प्रिंगच बदलावी. टपावरच्या कॅरियरचेही तसेच. जड पेट्या खाली डिकीत, हलके गाठोडे वर.

तिसरा पैसा माणसांना

सर्वांत स्वस्त सुधारणा बहुतेक गाड्यांत आधीच असते आणि सीट कव्हरखाली दडपलेली असते : मागचे पट्टे. कव्हर उचलून ते बाहेर काढा, क्लिप लागते का पाहा. सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात अपघातात गेले, तेव्हा गाडी महाग आणि भक्कम होती. मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता. ताशी ५० किलोमीटरवर आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर, तीन मजल्यांएवढ्या उंचीवरून पडणे. अशा क्षणी मांडीवरचे बाळ कुणाच्याच हातात राहत नाही. म्हणून शोभेच्या वस्तूंआधी मुलासाठी चाइल्ड सीट घ्यावी. पट्ट्याने बांधता येणारी सीट घेताना आपल्या गाडीच्या मागच्या सीटला खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा आहे का, ते पाहावे. अपघात झालेल्या गाडीतली जुनी सीट घेऊ नये.

बुरखा किंवा अबाया घातलेल्या बायकांनी पट्टा सैल कापडाच्या घड्यांवर न ठेवता कापड सपाट करून अंगाला लागेल असा घ्यावा. ओढणी पट्ट्यात पिळलेली नसावी. दिवस गेलेल्या बाईने खालचा पट्टा पोटाखालून, कमरेच्या हाडावर घ्यावा. पट्ट्याची बीप बंद करणाऱ्या खोट्या क्लिप तर घरात आणूच नयेत. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्यांची विक्री थांबवायला सांगितले होते.

पिवळट पडलेले हेडलाइट पॉलिश करून घेणे आणि दिव्यांसाठी रिले वायरिंग टाकणे हा थोड्या खर्चाचा, रात्रीच्या प्रवासात फार उपयोगी पडणारा उपाय आहे. बल्ब मात्र मूळ ६०/५५ वॅटचाच ठेवा. १०० वॅटच्या बल्बने होल्डर वितळतो आणि समोरचा आंधळा होतो. वायपरचे रबर पावसाआधी बदलावे. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी गाडीखाली गंजरोधक कोटिंग करून घ्यावे. खाऱ्या हवेने आतून पोखरलेला पत्रा धडकेत काहीच पेलत नाही.

जिथे पैसा जाऊ नये

पुढचा लोखंडी गार्ड भक्कम दिसतो, पण काम उलटे करतो. गाडीचा पुढचा भाग चुरडून धक्का शोषावा अशीच त्याची बांधणी असते. गार्ड थेट सांगाड्याला बांधलेला असल्याने धक्का तसाच आत येतो, एअरबॅग असेल तर तिच्या सेन्सरची गल्लत होऊ शकते आणि पायी चालणाऱ्याला जबर मार लागतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. विम्याचा दावा अडकतो तोही अशाच बदलांपायी.

पडद्यासाठी लावलेल्या काळ्या फिल्मचेही तसेच. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, असा नियम आहे. पावसाळी रात्री काळ्या काचेतून चालकाला बाजूने येणारी दुचाकीसुद्धा दिसत नाही.

गाडी सजवायला आमची हरकत नाही. फक्त पाकिटातले पैसे मोजताना क्रम असा असावा : टायर, शॉकअप आणि बुशे, ब्रेक, पट्टे आणि मुलाची सीट, दिवे. एका महिन्यात सगळे जमले नाही तर दर महिन्याला एक काम करावे. यातले बरेचसे गाडी उभी असताना कुणाच्या नजरेत भरणार नाही. घाटातल्या ओल्या वळणावर ते उपयोगी पडेल.