पडद्यावरचे कापड आणि बोटांची पारख

कापड दुकानात बसलेले गिऱ्हाईक आधी ठाण पाहते, मग कापड अंगठा आणि बोटात धरून चोळते, आणि त्यानंतरच भावाची गोष्ट निघते. सातारा-सांगलीच्या पेठांत ही रीत आजही आहे. पण आता बराच माल मोबाईलच्या पडद्यावरच पसंत होतो, आणि तिथे बोट पोहोचत नाही.

आमचेच उदाहरण सांगतो. परगावच्या एका व्यापाऱ्याने व्हिडिओ कॉलवर माल दाखवला. रंग झकास, पोत भरीव. चाळीस ठाण मागवले. एका धुण्यात खळ निघून गेली आणि कापड जाळीसारखे विरळ झाले. नुकसान सोसले, पण शरम जास्त वाटली, कारण तोवर काही माल आमच्या हातून गिऱ्हाइकांच्या घरी गेला होता. म्हणून या नव्या तंत्राची ताकद कुठे संपते, हे समजून घेणे जरुरीचे वाटले.

नजरेला भुलवण्याची विद्या जुनी आहे. इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात दाखवले की वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो, तेव्हा आपल्याला दिसते. सन १८३८ मध्ये व्हीटस्टन यांनी दोन डोळ्यांना किंचित वेगळी दोन चित्रे दाखवून खोलीचा भास निर्माण केला. डोक्यावर चढवायचे आजचे चष्मे याच तत्त्वावर चालतात. मान वळली की चित्रही वळते. असे यंत्र सदरलँड यांनी सन १९६८ मध्ये बनवले. त्याआधी सन १९६२ मध्ये हायलिग यांनी 'सेन्सोरामा' यंत्राचे पेटंट घेतले होते. त्यात चित्राबरोबर वारा, वास आणि हलणारी खुर्चीही होती.

मोठ्या दुकानांतला 'जादूचा आरसा' म्हणजे पडदा आणि कॅमेरा. कॅमेरा गिऱ्हाइकाचे खांदे, कंबर ओळखतो आणि अंगावर कपड्याचे चित्र बसवतो. रंग आणि नक्षी निवडायला हे उपयोगी आहे. पण कापडाचा झोल आणि वजन तिथे हिशेबाने काढलेले असते, खरे नसते.

स्पर्शाचेही प्रयोग झाले आहेत. सन २०१० मध्ये डिस्नेच्या संशोधकांनी असा पडदा दाखवला की, काचेखालच्या विजेमुळे सरकत्या बोटाला कमी-जास्त घर्षण जाणवते. काच खरखरीत भासते. मात्र बोट थांबले की भासही थांबतो. कापडाची ऊब, ताण, घडीचे वजन त्यात नाही. विट्याच्या मागावरचे कापड सुती की मिश्र, हे ती काच सांगू शकत नाही.

कारागिरांचेही तसेच आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला सन २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोबाईलमधूनही तंबोऱ्याचा सूर निघतो, पण जवारी लावणारा हात त्यात नाही.

आपल्या दीनने याबाबत रस्ता दाखवून ठेवला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. वरचे कोरडे धान्य दाखवून आतली ओल लपवणे म्हणजे धोका, असे त्यांनी बजावले. पडद्यावरचे चित्र हीही वरचीच रास आहे. न पाहिलेला माल पाहिल्यावर परत करण्याचा हक्क हनफी फिकहमध्ये आहे. त्याला खियार-ए-रुयत म्हणतात.

तेव्हा व्यापारी बांधवांनी एवढे करावे. फोटो दिवसाच्या उजेडात काढावा. प्रत्येक पडदा रंग थोडा वेगळा दाखवतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. सुताचा काऊंट, पन्हा, मीटरचे वजन, सुती की मिश्र, धुतल्यावर किती आटेल, हे लिहून द्यावे. मोठ्या सौद्याआधी हातभर नमुना पाठवावा आणि माल परत घेण्याची मुदत बिलावरच नोंदवावी. मागवणाऱ्याने तो नमुना आधी धुऊन पाहावा. आम्ही चाळीस ठाणांची किंमत मोजून हे शिकलो.

नवे तंत्र जरूर वापरावे. पण जे बोटाला कळले असते ते आपल्या जबानने सांगावे, म्हणजे रोजी हलाल राहील आणि गिऱ्हाईकही टिकेल.