पिवळ्या कोटातले काका मॅच का बघत नाहीत?



गेल्या फेब्रुवारीत आपल्या वर्गातली १२ मुले आणि आम्ही ५ मोठी माणसे फुटबॉलची मॅच पाहायला गेलो होतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. थंडीने सगळ्यांचे कान लाल झाले, थर्मासमधला चहा हाफटाइमच्या आतच संपला आणि आपला संघ हरला. पण परतताना बसमध्ये गोलांपेक्षा जास्त चर्चा झाली ती एका प्रश्नाची. आमच्या अगदी पुढे, मैदानाच्या कडेला, पिवळा कोट घातलेले एक काका सबंध मॅचभर खेळाकडे पाठ करून उभे होते. गोल झाला, सगळे ओरडले, तरी त्यांनी मान वळवली नाही. "एवढी पुढची जागा मिळाली आहे, तरी ते मॅच का बघत नाहीत?" आमच्यातल्या सर्वांत धाकट्या मित्राने विचारले. त्यावर त्याची ताई म्हणाली, "आणि असे किती जण आहेत? मी ४७ पर्यंत मोजले, मग कंटाळले."

दोन्ही प्रश्न चांगले होते आणि आम्हा मोठ्यांपैकी कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. सुदैवाने आपल्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा शनिवारी हेच काम करतात. पुढच्या रविवारी त्यांनी फळ्यावर आकृत्या काढून आम्हाला सगळे समजावून सांगितले. ते, आणि त्यानंतर आम्ही वाचून काढले ते, येथे देत आहोत.

हे काका कोण?

त्यांना स्टुअर्ड म्हणतात. काका असतात तशा मावश्याही असतात. ते पोलीस नव्हेत. मैदानात आलेल्या प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मुळात क्लबची असते आणि क्लबच्या वतीने ती पार पाडणारी माणसे म्हणजे स्टुअर्ड. तिकिटावरची जागा दाखवणे, जिने व वाटा मोकळ्या ठेवणे, दारांवर उभे राहणे, कोणी घाबरले, पडले, हरवले तर मदत करणे आणि धोका दिसताच नियंत्रण कक्षाला कळवणे ही त्यांची कामे. हे काम करण्यासाठी आता रीतसर प्रशिक्षण घ्यावे लागते.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. धोका खेळाडूंच्या बाजूने येत नाही, तो गर्दीत निर्माण होतो. म्हणून गर्दीकडे बघायचे. त्या काकांना त्या दिवशी गोल दिसला नाही, पण आपल्या रांगेतला प्रत्येक चेहरा दिसत होता.

आता दुसरा प्रश्न: किती?

आधी जागा मोजा, मग माणसे

आम्हाला वाटले होते, उत्तर म्हणजे एक भागाकार असेल. प्रेक्षक भागिले काहीतरी, झाले! तसा आकडा आहे खरा. ब्रिटनमध्ये 'ग्रीन गाइड' म्हणून ओळखले जाणारे एक पुस्तक आहे. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर २ जानेवारी १९७१ रोजी जिन्यावरच्या चेंगराचेंगरीत ६६ माणसे मरण पावली, त्यानंतर १९७३ मध्ये ते पहिल्यांदा निघाले. त्याची सहावी आवृत्ती २०१८ साली आली. मैदानात किती माणसे सुरक्षितपणे मावतील, जिने किती रुंद हवेत, कठडे किती मजबूत हवेत, हे सारे त्यात असते. स्टुअर्डांच्या बाबतीत बरीच वर्षे वापरात असलेला ढोबळ आकडा असा, की दर २५० प्रेक्षकांमागे एक फिरता स्टुअर्ड. जेथे धोका अधिक, तेथे दर १०० मागे एकापर्यंत.

पण यातला 'फिरता' हा शब्द महत्त्वाचा आहे. फिरते स्टुअर्ड वाटांमधून, जिन्यांवरून फेऱ्या घालतात. त्यांच्याआधी मोजायचे ते ठरलेल्या जागी उभे राहणारे. त्यांची संख्या प्रेक्षकांवर नव्हे, मैदानाच्या बांधणीवर ठरते. एखाद्या स्टँडला ६ बाहेर पडायची दारे असतील, तर आत ५,००० माणसे असोत की ५००, उघड्या भागातल्या प्रत्येक दारावर माणूस हवाच.

हा हट्ट कशासाठी? ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या व्हॅली परेड मैदानावर जुन्या लाकडी स्टँडला आग लागली आणि काही मिनिटांत सारा स्टँड पेटला. ५६ माणसे गेली. मैदानाच्या बाजूला उंच कुंपण नव्हते, म्हणून पुढे धावलेले पुष्कळ जण वाचले. मागच्या दारांकडे गेलेल्यांना मात्र दारे बंद आढळली. दार असणे पुरेसे नाही. ते तत्काळ उघडता आले पाहिजे आणि उघडणारा माणूस तेथे असला पाहिजे.

एक गणित

चला, आता वह्या काढा. हे मैदान आम्ही कल्पनेने बांधले आहे. प्रेक्षक २०,०००. त्यातले २,००० पाहुण्या संघाचे, त्यांच्या भागात धोका अधिक धरला आहे.

ठरलेल्या जागा:
बाहेर पडायची १२ मोठी दारे, प्रत्येकी दोघे: २४
आत येण्याची फाटके: १८
स्टँडमध्ये जाणाऱ्या बोगद्यांची व जिन्यांची तोंडे: २०
मैदानाची कड: १६
दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांच्या मधली ओळ: १२
बेरीज: ९०

फिरते स्टुअर्ड:
१८,००० ला २५० ने भागले: ७२
२,००० ला १०० ने भागले: २०
बेरीज: ९२

याशिवाय चाकाच्या खुर्चीतल्या प्रेक्षकांसाठी व लहान मुलांच्या भागासाठी १० आणि सर्वांवर देखरेख करणारे १६ धरू.

एकूण ९० + ९२ + १० + १६ = २०८.

नुसताच भागाकार केला असता, तर २०,००० भागिले २५०, म्हणजे ८० आले असते! ८० आणि २०८ यांच्यातला फरक म्हणजे ती दारे, ते जिने आणि ते बोगदे.

हा आकडाही दर शनिवारी तोच राहत नाही. शेजारच्या गावचा जुना वैरी खेळायला येणार का, मॅच दिवसा की रात्री, लहान मुले किती, एखाद्या भागात बांधकाम चालू आहे का, हे पाहून क्लबचा सुरक्षा अधिकारी आराखडा करतो. मोठ्या मैदानांना स्थानिक कौन्सिलचे सुरक्षा प्रमाणपत्र लागते. त्यातल्या अटी पाळणे ऐच्छिक नसते.

जी जागा रिकामी राहिली

यापुढचा भाग दुःखाचा आहे. लहान मुलांनी तो आई-बाबांसोबत वाचावा.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपांत्य सामना होता. लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभ्याने मॅच पाहणाऱ्या लिव्हरपूलच्या १०,१०० प्रेक्षकांना आत येण्यासाठी केवळ ७ टर्नस्टाइल होते. आजच्या ग्रीन गाइडप्रमाणे एका टर्नस्टाइलमधून तासाला फार तर ६६० माणसे धरतात. ७ गुणिले ६६०, म्हणजे ४,६२०. सगळ्यांना आत यायला दोन तासांहून अधिक वेळ लागला असता. बाहेर गर्दी इतकी दाटली, की लोक तेथेच चिरडले जातील अशी भीती वाटू लागली. २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी बाहेर जाण्याचे एक मोठे फाटक उघडले आणि सुमारे २,००० माणसे आत आली.

आत येताच समोर एक बोगदा दिसत होता. तो मधल्या दोन कप्प्यांत जात होता. ते कप्पे आधीच खच्चून भरले होते. बाजूच्या कप्प्यांत मात्र अजून जागा होती. बोगद्याच्या तोंडाशी कोणी उभे राहून "इकडे नको, बाजूने जा" एवढे म्हणायला हवे होते. आदल्या वर्षी, १९८८ मध्ये, याच मैदानावर याच दोन संघांचा उपांत्य सामना झाला होता, तेव्हा पोलिसांनी तो बोगदा बंद करून लोकांना बाजूला वळवल्याचे पुढे चौकशीत सांगितले गेले. १९८९ ला तेथे वळवणारे कोणी नव्हते. पुढे उंच कुंपण, मागून येणारी माणसे. ३ वाजून ६ मिनिटांनी मॅच थांबवली गेली.

या दुर्घटनेत ९७ माणसे गेली. त्यातल्या शेवटच्या व्यक्तीचा मृत्यू त्या दिवशीच्या दुखापतींमुळेच, पण २०२१ साली झाला. न्यायमूर्ती टेलर यांनी चौकशी करून पोलिसांची व्यवस्था कोलमडणे हे मुख्य कारण असल्याचे सांगितले. तरीही प्रेक्षकांवरच दोष ढकलण्याचा प्रयत्न पुष्कळ वर्षे चालू राहिला. त्यांच्या आई-वडिलांनी, भावंडांनी तो मान्य केला नाही. अखेर २०१६ मध्ये ज्युरीने निकाल दिला, की ही माणसे बेकायदेशीरपणे मारली गेली आणि प्रेक्षकांचा त्यात दोष नव्हता.

त्या दिवशी मैदानात माणसे कमी नव्हती. पोलीस होते, स्टुअर्डही होते. पण त्या एका जागी, त्या काही मिनिटांत, नेमके सांगणारे कोणी नव्हते. म्हणूनच "किती?" या प्रश्नाआधी "कोठे?" हा प्रश्न विचारावा लागतो.

माणसे कमी पडली तर?

समजा २०८ पैकी २० जण तापाने आजारी पडले. मग काय, उरलेल्यांनी जरा जास्त पळापळ करायची? नाही. ग्रीन गाइडमध्ये एक हुशार युक्ती आहे. मैदानाची व्यवस्था किती चांगली आहे, याला ० ते १ मध्ये गुण दिले जातात आणि त्या गुणाने प्रेक्षकसंख्येला गुणले जाते. एका भागात ३,००० माणसे मावतात, पण व्यवस्थेला ०.८ गुण मिळाले, तर तेथे २,४०० च प्रेक्षक घ्यायचे. स्टुअर्ड फारच कमी पडले, तर तो भाग उघडायचाच नाही. माणसे ताणायची नाहीत, गर्दी कमी करायची. क्लबचे पैसे बुडतात, लोक चिडतात, पण नियम तो आहे.

आकडा कागदावर पुरेसा दिसला तरी भागत नाही, हे ११ जुलै २०२१ ला वेम्बलीत दिसले. इंग्लंड आणि इटली यांच्या युरो चषकाच्या अंतिम सामन्याला सुमारे २,००० माणसे तिकिटाशिवाय आत घुसली. बॅरोनेस लुईस केसी यांच्या अहवालाप्रमाणे १७ वेळा जमावाने दारे फोडून किंवा ढकलून प्रवेश केला. ही दारे होती अपंग प्रेक्षकांसाठी ठेवलेली आणि आगीच्या वेळी वापरायची. तेथे उभ्या असलेल्या स्टुअर्डांना जमावाने रेटले. जीव गेले नाहीत, पण जाऊ शकले असते, असे त्या अहवालात म्हटले आहे. ज्या दारांतून सर्वांत अशक्त माणसे येतात, तीच दारे त्या दिवशी सर्वांत कच्ची ठरली.

आणि आपला हॉल?

हे सगळे ऐकून झाल्यावर आपल्या शनिवारवाल्या बाबांनी हळूच विचारले, "आपल्या गणेशोत्सवाला किती माणसे येतात?" आम्ही म्हणालो, सुमारे २५०. "म्हणजे भागाकाराने एकच स्वयंसेवक पुरे!" ते हसून म्हणाले. "आणि हॉलला दारे किती?"

आम्ही मोजू लागलो. पुढचे मोठे दार, स्वयंपाकघराकडचे, स्टेजमागचे आणि मागच्या बाजूचे आगीच्या वेळी वापरायचे. चार. मग आम्हाला आठवले, की गेल्या वर्षी आरतीच्या वेळी मागच्या दारापुढे आम्हीच जादा खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. बाहेर चपलांचा ढीग होता. आत निरांजने पेटलेली होती. सर्वांचे डोळे बाप्पाकडे होते आणि दाराकडे बघणारे कोणी नव्हते. काही झाले नाही, हे आपले नशीब. पण नशिबावर गर्दी सोडता येत नाही, हे आता आम्हाला कळले आहे.

तेव्हा या वर्षी असे ठरले आहे: प्रत्येक दारावर एक याप्रमाणे चौघे, मुलांच्या नाटकाच्या वेळी स्टेजजवळ एक मावशी, चपला बाजूला लावून घ्यायला दोन मोठी मुले आणि सगळ्यांवर नजर ठेवायला एक जण. एकूण आठ. आरतीच्या वेळी दारावरच्या चौघांनी जागा सोडायची नाही. त्यांच्यासाठी दुसरी आरती नंतर करू, बाप्पा समजून घेतील. आठ जण मिळाले नाहीत, तर आमंत्रणे कमी पाठवू. नावे पुढच्या रविवारी फळ्यावर लिहावीत.

मुलांसाठी गृहपाठ: या आठवड्यात सिनेमागृहात, शाळेच्या हॉलमध्ये किंवा मॅचला जाल तेव्हा बाहेर जायची दारे मोजा आणि त्यातल्या किती दारांजवळ माणूस आहे ते वहीत लिहून आणा. आणि पिवळ्या कोटातले काका किंवा मावशी दिसल्या, तर त्यांना 'थँक्यू' म्हणायला विसरू नका. मॅच कशी झाली, हे मात्र तुम्हीच त्यांना सांगा. त्यांनी ती पाहिलेली नसते.