हाताची खाज आणि बांधावरची पांढरी फुली
रानातलं आरोग्य : भाग ६

पोळा सरला की किल्लारीच्या शिवारात सोयाबीन शेंगांनी लदतं आणि बांध गाजर गवताने पांढरे होतात. कुणी त्याला काँग्रेस म्हणतं, कुणी चटक चांदणी, कुणी पांढरी फुली. ते उपटत, तुडवत माणसं रानात जातात आणि मग कुणाकुणाच्या हाताला खाज सुटते. बोटांच्या मागे बारीक पुरळ, मनगटाशी लाल चट्टा. उष्णता वाढली म्हणून ताक सुरू होतं, रक्त बिघडलं म्हणून पथ्य. गवत मात्र बांधावर तसंच डोलत राहतं.

गेल्या आठवड्यात आपण पायाच्या चिखल्या पाहिल्या. चिखलात उभं राहिलं की त्या होतात, यावर कुणाचं दुमत नसतं. हाताची खाज भल्याभल्यांना चकवते ती वेळेच्या घोळामुळे.

सोमवारचं गवत, बुधवारची खाज

गाजर गवताच्या पानांवर आणि खोडावर बारीक लव असते. तिच्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. ज्याला त्याचं वावडं आहे, त्याच्या कातडीला ते लागलं की शरीराच्या संरक्षक पेशी तिथे गोळा होऊ लागतात. हे काम सावकाश चालतं; पुरळ उठायला एक ते तीन दिवस जातात. सोमवारी बांध साफ केला, बुधवारी हात खाजला, आणि आळ येतो मंगळवारच्या वांग्याच्या भाजीवर.

दुसरा चकवा याहून मोठा. हे वावडं जन्मतः नसतं, शरीर ते हळूहळू शिकतं. वर्षानुवर्षं गवत उपटून काही होत नाही आणि एखाद्या पावसाळ्यात अचानक हात फुटतात. "आयुष्य गेलं हे गवत काढण्यात, आताच कसं बाधलं?" असं लोक विचारतात. आयुष्य गेलं म्हणूनच बाधलं! आणि एकदा शिकलेलं शरीर सहसा विसरत नाही.

तळहाताची कातडी जाड, म्हणून तो बराच वाचतो. हाताची मागची बाजू आणि मनगट सापडतं. आधी लाल पुळ्या, मग पाणी, मग खपली. दरवर्षी असंच होत गेलं की कातडी जाड आणि काळपट पडते, तिच्यावरच्या रेषा खोल होतात. पुढे पापण्या, मान, कोपराची घडी यांची पाळी येते, कारण वाळलेल्या गवताचा भुसा वाऱ्यावर उडतो. त्याला हात लावावाच लागतो असं नाही.

किल्लारीत या उडत्या भुशाकडे जास्त लक्ष द्यायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर इथली गावं उठून नव्या जागी बसली. जुन्या गावठाणात भिंतीला भिंत लागून होती. नव्या वसाहतींत रस्ते रुंद आले, घराभोवती मोकळी जागा आली. मोकळी, पडीक जागा दिसली की गाजर गवत तिथे ठाण मांडतं. त्यामुळे जे आजोबा आता रानात जात नाहीत, त्यांची मानही ओसरीवर बसल्या बसल्या खाजू शकते.

हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५ साली पुण्यात ते वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस पडलं. आयात गव्हाबरोबर आलं असावं, असं मानलं जातं. १९७० च्या दशकात पुण्यातूनच त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. एक झाड हजारोंनी बी टाकतं, त्यामुळे ते पुण्यात थांबणार नव्हतंच.

प्रत्येक खाज गवताची नसते

मलम लावण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा : खाज कधी वाढते, नेमकी कुठे आहे, आणि घरात आणखी कुणाला आहे?

रात्री अंथरुणात पडलं की खाज चढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती पुळ्या आहेत आणि घरातली पोरंही खाजवताहेत, तर ती बहुधा खरूज. ती कातडीत बीळ करून राहणाऱ्या सूक्ष्म किड्याने होते. तिचं औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी, मानेपासून तळपायापर्यंत लावायचं असतं, आणि साधारण आठवड्याने पुन्हा. कपडे, पांघरुणं गरम पाण्यात धुवायची. एकट्याने औषध लावलं तर खरूज घरातच फिरत राहते. औषधानंतरही दोन-चार आठवडे थोडी खाज राहू शकते; तेवढ्यावरून घाबरू नका.

बिब्ब्याची तऱ्हा निराळी. काटा मोडला, टाच फुटली की आपल्याकडे बिब्ब्याचा चटका देतात. त्याचं काळं तेल जिथे लागेल, ओघळेल, तिथे कातडी भाजल्यासारखी होते आणि फोड येतात. बिब्बा उतला की तो कसला, हे कुणाला सांगावं लागत नाही. त्याच्यावर इलाज एकच : पुन्हा लावू नका.

खाज फक्त हातापुरती आणि वर्षभर असेल, तर कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, गवंडीकामातलं सिमेंट यांच्याकडे संशयाने पाहा.

खाजेची ट्यूब

"भाऊ, खाजेची एक ट्यूब द्या," म्हटलं की मिळणाऱ्या कितीतरी मलमांत जोरकस स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक यांची खिचडी असते. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून ट्यूब घरभर फिरते. खाज गजकर्णाची असेल तर स्टेरॉइड तिला दाबतं आणि आत पसरू देतं. गवताची असेल तर कातडी पातळ होत जाते आणि गवत आपलं काम चालूच ठेवतं. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. गवताच्या पुरळावर डॉक्टर तेच देतात, पण कोणतं, कुठे आणि किती दिवस हे ठरवून. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला.

पुरळातून पू आला, ताप आला, हात सुजला, किंवा आठवडाभरात उतार पडला नाही तर ग्रामीण रुग्णालय गाठा. दरवर्षी होत असेल तर लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या त्वचारोग विभागात दाखवा आणि पॅच टेस्टबद्दल विचारा. संशयित पदार्थांच्या चकत्या पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवतात आणि नेमकं कशाचं वावडं आहे ते पाहतात. उगीच वांगी सोडण्यापेक्षा हे बरं.

या आठवड्याचं काम

आपल्याकडे बाया खुरपायला जाताना साडीवर घरातल्या माणसाचा जुना शर्ट चढवतात. पद्धत उत्तम, दोनच सुधारणा करा. एक, बाहीचं बटण लावा, नाहीतर मनगट उघडंच राहतं. दोन, तो शर्ट संध्याकाळी खुंटीला अडकवू नका. गवताचा भुसा त्यातच असतो, रोज धुवा. गवत उपटताना हातमोजे घाला, आत सुती आणि वर रबरी. घरी आल्यावर हात साध्या साबणाने धुवा आणि खोबरेल लावा. पावडरीने घासणं, रॉकेल, फिनेल हे सगळं बंद. सोयाबीन काढताना शेंगांची टोकं टोचतात आणि ओरखडलेली कातडी लवकर बिघडते, तेव्हाही हातमोजे हवेतच.

ज्याला वावडं आहे त्याने गवताच्या कामाला जाऊच नये. ते काम घरातल्या दुसऱ्याने करावं. उपटायचं ते फुलं येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट. फुलावर आलेलं झाड हलवलं की बी सांडतं. मोकळ्या जागेत तरोटा पेरला तर तो गाजर गवताला वर येऊ देत नाही. पानं खाणारा मेक्सिकन भुंगा १९८० च्या दशकात भारतात आणला गेला. तो पावसाळ्यात जोमात असतो. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघा दिसल्या तर त्याला मारू नका.

एकट्याने आपला बांध साफ करून भागत नाही, शेजारच्या बांधावरचं बी वाऱ्याने, पाण्याने येतंच. वसाहतीतली मोकळी जागा कुणा एकाची नसते, म्हणून ती कुणीच साफ करत नाही. हा विषय ग्रामसभेत काढा आणि पुढच्या वर्षी पहिल्या पावसानंतर, फुलं यायच्या आत, एक दिवस ठरवून घ्या. औषधावर घराघरात जाणारा पैसा जोडून पाहिला तर त्या एका दिवसाची मजुरी महाग वाटणार नाही.

(पुढच्या आठवड्यात : फवारणीचा पंप आणि डोळ्यांची आग)