रूळ आहेत, पण ते कुठे जातात?

सोलापुरात शहर वाहतुकीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "पाकणीपासून होटगीपर्यंत रूळ टाकलेलेच आहेत. त्यांवरून नाहीतर त्यांच्या कडेनं ट्राम सोडा, प्रश्न मिटला." नकाशा पाहिला की मोह पडतोच. चिंचोळी एमआयडीसीच्या बाजूला पाकणी, केगावच्या विद्यापीठाच्या अंगाला बाळे, मग सोलापूर स्थानक, पुढे टिकेकरवाडी आणि होटगी. सगळं एका ओळीत. कल्पना टाकाऊ नाही. पण तिच्याभोवती काही गैरसमज घट्ट बसले आहेत, आणि ते तसेच राहिले तर उद्या चुकीच्या जागी पैसा जाईल.

"लाइट रेल म्हणजे दुय्यम दर्जाची रेल्वे"

हे निदान सोलापूर जिल्ह्यातल्या माणसानं तरी म्हणू नये. देशातल्या नामांकित लाइट रेल्वेंपैकी एक याच जिल्ह्यात धावली. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे 1859 मध्ये कुर्डुवाडीपर्यंत आली. स्थानकाला नाव दिलं बार्शी रोड, पण खुद्द बार्शी तिथून 20 मैलांहून लांब. कापूस आणि तेलबिया बैलगाडीनं स्टेशनवर आणाव्या लागत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं ही अडचण हेरली. 1895 मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि 1897 मध्ये अडीच फुटी रुळांवरून कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. 1906 मध्ये ती पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिनं विठोबाच्या दारी नेल्या. 1 जानेवारी 1954 रोजी ती सरकारी झाली, आणि पुढे या शतकात तिचे सगळे रूळ रुंद झाले.

यातलं 'लाइट' म्हणजे काय, ते कॅलथ्रॉपनं नेमकं ठरवलं होतं. इंजिन असो, डबा असो की वाघीण, एका एक्सलवर 5 टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. त्यामुळे रूळ हलके चालले, पूल स्वस्तात झाले, वळणं आवळता आली. तरीही आठ जोडचाकांचं दणकट इंजिन आणि लांब बोगी वाघिणी या गाडीला होत्याच. भार हलका होता, काम हलकं नव्हतं.

आजच्या लाइट रेललाही हेच लागू आहे. केंद्र सरकारनं जुलै 2019 मध्ये 'मेट्रोलाइट'चे निकष जाहीर केले. गर्दीच्या तासाला एका दिशेनं 15,000 प्रवाशांपर्यंतची गरज असेल तिथे ही व्यवस्था सुचवली आहे. 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोकसंख्या असलेल्या शहराला हा आकडा लहान नाही. आणि एक घोटाळा इथेच दूर करू: नाशिकसाठी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटी रुपये दाखवले गेले ती 'मेट्रो निओ' रुळांवरची नव्हे, रबरी चाकांची आणि वरच्या तारेतून वीज घेणारी बस आहे.

"रूळ आहेतच, फक्त ट्राम आणून सोडायची"

हा सगळ्यात मोठा गैरसमज. भारतीय रेल्वेचे रूळ एकमेकांपासून 1,676 मिलिमीटरवर, तर जगभरातल्या बहुतेक आधुनिक ट्राम 1,435 मिलिमीटरच्या. फरक 241 मिलिमीटरचा, म्हणजे साधारण एका वितीचा. पण ती एक वीत चुकली की चाक रुळावर बसतच नाही. रेल्वेच्या तारेत 25,000 व्होल्टची एसी वीज खेळते, रस्त्यावरची ट्राम बहुधा 750 व्होल्टच्या डीसीवर चालते.

फलाटाचंच बघा. सोलापूर स्थानकाच्या उंच फलाटावर उभं राहा. तो रुळापासून 76 ते 84 सेंटिमीटर उंच असतो. रस्त्यावरून सरळ पाऊल टाकून चढता यावं म्हणून आजच्या ट्रामचा तळ साधारण 35 सेंटिमीटरवर ठेवतात. म्हणजे काठी टेकत आलेल्या आजीला फलाटावरून ट्राममध्ये चढायचं नाही, अर्धा मीटर खाली उतरायचं आहे. फलाट खाली करावा तर त्याच फलाटावर मुंबईची वंदे भारत लागते.

आणि रुळांवर सोबत कोण असणार? होटगीच्या सिमेंट कारखान्यांचा माल, एनटीपीसीच्या 1,320 मेगावॅट वीजकेंद्राचा कोळसा. भरलेल्या वाघिणीच्या एका एक्सलवर 20 टनांहून जास्त भार असतो. अशा गाड्यांमध्ये हलकी ट्राम घालायची तर सिग्नल, ब्रेक, टकरीपासूनचं संरक्षण सगळं नव्यानं बांधावं लागतं.

मग हे अशक्य आहे का? नाही. जर्मनीतल्या कार्ल्सरूए शहरानं 1992 मध्ये करून दाखवलं. दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारी ट्राम त्यांनी बांधली आणि ती ब्रेटन गावापासून मुख्य रेल्वेच्या रुळांवरून आणून थेट शहराच्या बाजाररस्त्यात नेली. प्रवासी काही पटींनी वाढले. तिथे ट्राम आणि रेल्वे यांचे रूळ मुळातच एका मापाचे होते, ही सोय आपल्याकडे नाही. आणि माप एक असूनही इंग्लंडमध्ये शेफील्ड ते रॉदरहॅम ही अशीच ट्राम 2018 मध्ये सुरू होईपर्यंत 1.5 कोटी पौंडांचा अंदाज 7.5 कोटींवर गेला. रूळ तयार आहेत म्हणून काम स्वस्त होईल, हे गृहीत धरून चालत नाही.

"रुळांवर नको, कडेच्या मोकळ्या जागेत टाका"

गाडीतून दिसणारी प्रत्येक मोकळी पट्टी मोकळी नसते. तिथे पाण्याचे नाले, केबल, साइडिंग, उड्डाणपुलांचे खांब असतात. दौंड ते सोलापूर दुहेरीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं, सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा नवा मार्ग व्हायचा आहे. उद्याच्या वाढीसाठी रेल्वे आपली जमीन राखून ठेवणार, आणि तिचं चूकही नाही.

"रुळालगत मार्ग काढला की प्रवासी मिळणारच"

माझं म्हणणं खरं इथे आहे. रेल्वे सोलापुरात 1860 मध्ये आली ती मुंबई–मद्रास मार्ग जोडण्यासाठी. सोलापूरकर घरून कामावर कसा जाईल, हा विचार त्या आखणीत नव्हता. गिरण्या नंतर उभ्या राहिल्या, त्या बंदही पडल्या. आजचं कष्टकरी सोलापूर पूर्वेला पसरलं आहे: साखर पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रोडची एमआयडीसी, तिथले टॉवेल-चादरींचे यंत्रमाग. त्याही पुढे कुंभारीत विडी आणि यंत्रमाग कामगारांची रे नगर ही 30,000 घरांची वसाहत. तिथल्या पहिल्या 15,000 घरांचं लोकार्पण जानेवारी 2024 मध्ये झालं.

विडी कामगार बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची. घरी पानं भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, आणि हजाराचा हिशेब करून परत कारखान्यात नेऊन द्यायच्या. ती गाठोडं घेऊन जाते तो रस्ता अक्कलकोट रोड आहे. रेल्वेचे रूळ दक्षिणेला होटगीकडे वळतात. होटगी मार्गावर कितीही देखणी ट्राम आणली तरी या बाईला तिच्यापर्यंत पोचायला आधी रिक्षाच करावी लागेल. दोन भाडी परवडली असती तर ती आजच बसली असती.

कार्ल्सरूएचं खरं गमक तरी दुसरं काय होतं? तिथलं मुख्य स्थानक बाजारपेठेपासून लांब आहे. गाडी बदलण्याची कटकट त्यांनी संपवली. कॅलथ्रॉपनंही जीआयपीच्या रुळाला समांतर रूळ टाकला नाही, रुळापासून फुटून तो जिथे माल होता तिथे गेला.

"ट्राम रस्ता अडवते, म्हणून तर मुंबईनं बंद केली"

मुंबईची ट्राम 1874 मध्ये घोड्यांवर सुरू झाली, 1907 मध्ये विजेवर आली आणि 31 मार्च 1964 च्या रात्री थांबली. तिला स्वतंत्र मार्गिका नव्हती. वाढत्या मोटारींच्या गर्दीत ती अडकली. त्याचा दोष ट्रामवर आला. स्वतंत्र मार्गिका मिळाली तर रस्त्याच्या तेवढ्याच रुंदीतून ट्राम मोटारींपेक्षा कितीतरी जास्त माणसं नेते.

"हे सगळं दिल्लीच्या हातात आहे"

अर्धंच खरं. रेल्वे केंद्राची. पण संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, राज्य सूचीच्या 13 व्या नोंदीत महानगरपालिकांच्या ट्राममार्गांचा स्पष्ट उल्लेख आहे. रस्त्यावरून जाणारी ट्राम राज्याच्या कक्षेत येते, रेल्वेच्या रुळांवर चढली की केंद्राची परवानगी लागते. नागपूरहून वर्धा, रामटेक, नरखेड, भंडाऱ्याकडे ब्रॉडगेज मेट्रो नेण्यासाठी 2018 मध्ये रेल्वे आणि महामेट्रो यांच्यात करार करावा लागला तो त्यामुळेच.

माझं मत स्पष्ट आहे. आहे त्या रुळांवर मोहोळ–पाकणी–बाळे–सोलापूर–होटगी अशा मेमू गाड्या कामाच्या वेळा धरून सोडाव्यात. त्यासाठी नवा रूळ लागत नाही. प्रत्येक स्थानकाबाहेर बस उभी असावी. आणि लाइट रेलची जागा अक्कलकोट रोडवर कुंभारीपर्यंत आजच राखून ठेवावी, कारण दोन्ही कडांना इमारती चढल्यावर ती मिळणार नाही. शहराच्या आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातील तेव्हा "ट्राम हवी" एवढंच लिहून देऊ नका. तुम्ही सकाळी कुठून निघता, कुठे उतरता, किती वाजता आणि किती भाडं देता, हे लिहून द्या.