बाळ झोपेत कुणाला बघून हसते?

गेल्या सोमवारी एक तरुण जोडपे पाच आठवड्यांच्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. सोबत मुलीची आजी होती. तक्रार म्हणाल तर काहीच नव्हती. दूध व्यवस्थित, वजन वाढलेले, शी-शू ठीक. वडिलांनी खिशातून मोबाईल काढला आणि आदल्या रात्री पाळण्यात घेतलेले चित्रीकरण मला दाखवले. झोपलेल्या मुलीचे ओठ जरासे थरथरले, एका बाजूने वर गेले, मग क्षणभर छानसे हसू उमटले आणि विरून गेले. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे इकडून तिकडे फिरताना दिसत होती. "डॉक्टर, हिला एवढ्यात स्वप्नं पडत असतील का?" वडिलांनी विचारले. आजींनी उत्तर माझ्यासाठी ठेवलेच नाही. "स्वप्न कसलं? सटवाई हसवतेय तिला!"

हा प्रश्न मला आजवर असंख्य वेळा विचारला गेला आहे आणि दर वेळी मी हौसेने उत्तर दिले आहे. एकदा मात्र हे उत्तर देण्याच्या नादातच माझ्या हातून एक चूक झाली. ती पुढे सांगणार आहेच.

आधी सटवाईविषयी दोन शब्द. आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी पाचवी किंवा सहावी पुजतात. पाटा-वरवंटा मांडतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते अशी समजूत आहे. पुढे बाळ झोपेत हसले की सटवाई हसवते आणि दचकून रडले की सटवाईच रडवते. या समजुतीला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. पाचव्या-सहाव्या दिवसाची धास्ती तर मुळीच खोटी नव्हती. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे होणारा नवजात बाळाचा धनुर्वात नेमका पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात गाठत असे. (गर्भवतींना दिलेली लस आणि दवाखान्यातली बाळंतपणे यांमुळे आपल्या देशातून त्याचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.) शिवाय हे हसू बाहेरच्या कुणामुळे येत नाही, घरातल्या माणसांचा त्यात काही हात नाही, हे आजीबाईंनी अचूक ओळखले होते. शास्त्रही तेच म्हणते.

नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपते. ही झोप एकसारखी नसते. काही वेळ बाळ अगदी शांत, संथ श्वास घेत पडलेले असते. काही वेळ मात्र झोपेतच त्याची चुळबूळ चालते. बोटे हलतात, ओठ चोखल्यासारखे होतात, श्वास कधी भरभर तर कधी थबकत चालतो आणि पापण्यांखाली बुबुळे वेगाने फिरतात. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी मोठ्या माणसांतील अशा झोपेचे वर्णन प्रसिद्ध केले. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'रेम' झोप म्हणतात. आपण तिला चंचल झोप म्हणू. मोठ्या माणसाच्या झोपेत तिचा वाटा साधारण पाचवा हिस्सा असतो, तर नवजात बाळाच्या झोपेत जवळजवळ निम्मा. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो त्याहूनही जास्त असतो.

बाळाचे हसू या चंचल झोपेतच येते. बॉस्टनचे डॉ. पीटर वुल्फ यांनी १९५० च्या दशकाअखेरीस नवजात बाळांच्या उशाशी तासन् तास बसून त्यांची प्रत्येक हालचाल टिपून ठेवली. त्यानंतर अमेरिकेतच डॉ. रॉबर्ट एमडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचा विद्युत-आलेख काढत हाच अभ्यास पुढे नेला. निष्कर्ष असा, की हे हसू मेंदूच्या तळाकडील भागातून, आपोआप उठणाऱ्या लहरींनी येते. कुणी गुदगुल्या केल्या म्हणून नव्हे, पोट भरले म्हणून नव्हे आणि पोटात गॅस झाला म्हणूनही नव्हे. गॅसची कल्पना बरीच पसरलेली आहे, पण तिला आधार नाही. आईच्या पोटातही हे चालू असते. सोनोग्राफीच्या नव्या यंत्रांवर गर्भाच्या ओठांचे कोपरे वर जाताना स्पष्ट दिसतात, आणि तिथे तर बघून हसावे असे कुणीच नसते! जणू गाडी रस्त्यावर आणण्याआधी इंजिन सुरू करून पाहावे, तसे मेंदू स्नायूंना चालवून पाहत असावा असे बहुतेकांचे मत आहे. स्वप्नाचे म्हणाल, तर स्वप्नात यावे असे महिन्याभराच्या बाळाने अजून पाहिलेलेच फार थोडे असते.

याच गटाने १९७२ मध्ये एक नोंद प्रसिद्ध केली. जन्मतःच डोके फार लहान असलेल्या, म्हणजे मेंदूचा वरचा भाग नीट न घडलेल्या एका बाळातही झोपेतले हसू दिसले होते. ही गोष्ट ऐकायला बरी वाटत नाही, पण ती लक्षात ठेवावी. झोपेत हसणाऱ्या बाळाचा मेंदू चांगला आहे, डोळे चांगले आहेत, असे प्रमाणपत्र त्या हसण्यावरून देता येत नाही.

ते देणारे हसू वेगळे असते. साधारण सहा ते आठ आठवड्यांचे बाळ जागेपणी, उघड्या डोळ्यांनी, समोरच्या चेहऱ्याकडे टक लावून बघते आणि मग हसते. चार्ल्स डार्विनने आपल्या पहिल्या मुलाच्या वाढीची रोजनिशी ठेवली होती आणि १८७७ मध्ये ती लेखरूपाने छापली. त्यात पहिले खरे हसू पंचेचाळिसाव्या दिवशी आल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका अपत्याचे सेहेचाळिसाव्या दिवशी. ती मुले मुख्यतः आईकडे बघताना हसत, हेही त्याने लिहिले आहे. दीडशे वर्षांनंतर आपल्या जिल्ह्यातल्या बाळांचे वेळापत्रक तेच आहे.

आता माझ्या चुकीविषयी. १९९६ चा श्रावण होता. दवाखाना थाटून मला चार वर्षे झाली होती. तालुक्याच्या एका गावाहून एक पहिलटकरीण दीड महिन्याच्या मुलाला त्रिगुणी आणि पोलिओच्या डोसासाठी घेऊन आली. माहेरी बाळंत झालेली, त्यामुळे बरोबर तिची आई. आजींनी विचारले, "डाक्टर, झोपेत लई हसतंय बगा हे. काय असंल?" मला विषय आवडीचा. मी दहा मिनिटे चंचल झोप, फिरणारी बुबुळे, मेंदूच्या लहरी असे सगळे समजावून सांगितले. बाहेर बसलेले लोकही दाराशी येऊन ऐकू लागले. मी मुलाचे वजन केले, छाती तपासली, इंजेक्शन दिले. 'जागेपणी हसतो का' एवढा एक प्रश्न मात्र मी विचारला नाही आणि त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिले नाही.

पुढचे डोस त्यांनी गावातल्या उपकेंद्रात घेतले. मुलगा साडेतीन महिन्यांचा झाल्यावर खोकल्यासाठी ती पुन्हा आली. तपासून झाल्यावर आई हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर, हा माझ्याकडं बघत नाही." आजी लगेच म्हणाल्या, "कायतरीच तुजं! आवो, मी बोलली की खुदूखुदू हसतंय." आणि खरोखरच त्यांनी "आरं माज्या राजा" अशी हाक मारली आणि मुलगा तोंडभर हसला. पण हसताना त्याचे तोंड भलतीकडेच होते. मग मी सर्वांना गप्प बसायला सांगितले. आईला त्याच्यावर वाकून, न बोलता, न हात लावता हसायला सांगितले. मुलाच्या चेहऱ्यावर काहीही उमटले नाही. डोळे कुठेच न ठरता हलकेसे थरथरत राहिले. बॅटरीच्या उजेडात दोन्ही बाहुल्या राखट पांढऱ्या दिसल्या. जन्मजात मोतीबिंदू.

मोतीबिंदू हा म्हाताऱ्यांचा आजार, तान्ह्या बाळाला कसा, असे त्या आजींनी विचारले. आजही लोक विचारतात. काही मुलांत तो आनुवंशिक असतो, काहींत त्याचे कारण सापडत नाही आणि काहींत गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला झालेला रुबेला हा आजार कारण असतो. या आईला तिसऱ्या महिन्यात ताप आणि अंगावर बारीक पुरळ येऊन गेले होते. (आता नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाची लस मुला-मुलींना मोफत मिळते. ती चुकवू नये.)

मी त्यांना लगोलग पुण्याला पाठवले. दोन आठवड्यांत दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या, जाड भिंगांचा चष्मा आला. मुलगा पहिल्या बाकावर बसून बारावीपर्यंत शिकला. पण बुबुळांची थरथर गेली नाही आणि बारीक अक्षर त्याला आजही नाकाजवळ धरावे लागते. कारण असे, की बघायला डोळा लागतो तसा मेंदूही लागतो आणि मेंदू बघायला शिकतो तो पहिल्या काही आठवड्यांत. त्या काळात डोळ्यातून स्वच्छ चित्र पोचले नाही, तर पुढे पडदा दूर करूनही मेंदूचे शिकणे अर्धवट राहते. म्हणून दोन्ही डोळ्यांतला असा मोतीबिंदू शक्यतो पहिल्या दोन-अडीच महिन्यांत काढतात आणि एकाच डोळ्यात असेल तर त्याहूनही लवकर. दीड महिन्याच्या भेटीत मी पाहिले असते तर वेळ हातात होती.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. ती मुलगी महिनाभर घरात हेच सांगत होती. "पहिलीच खेप तुझी, तुला काय कळतंय," म्हणून तिला गप्प केले गेले. शिवाय मूल हसत होते ना! अंध बाळेही त्याच सुमारास आईच्या आवाजाला हसतात, हे अभ्यासकांनी पूर्वीच नोंदवलेले आहे. आवाजाला येणाऱ्या हसण्याने कान समजतात, डोळे समजत नाहीत.

तेव्हा घरी एवढे करून पाहावे. बाळ दोन महिन्यांचे झाले की ते पोटभर प्यालेले, जागे आणि खुशीत असताना, उजेड चेहऱ्यावर येईल असे बसून, साधारण दीड वितीवरून त्याच्याकडे बघावे. बांगड्या वाजवू नयेत, बोलू नये. नुसते हसावे आणि थोडा वेळ वाट पाहावी. बाळ चेहरा निरखील, मान किंचित वळवील आणि हसेल. एका दिवशी नाही हसले तर घाबरू नका, बाळांचीही मर्जी असते. दोन-चार दिवस पुन्हा पाहा. आठ आठवडे उलटूनही असे हसू येत नसेल, बाळ चेहऱ्यावर नजर ठरवत नसेल, तर तीन महिने होईपर्यंत थांबू नका. बाहुलीत पांढरट छटा दिसली किंवा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक डोळा पांढरा आला, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. क्वचित अशा पांढरेपणामागे डोळ्यातली गाठही असते. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर हसण्याचे आठवडे त्याच्या खऱ्या तारखेपासून मोजावेत. पण दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाची डोळ्याच्या पडद्याची तपासणी वेगळी असते आणि ती जन्मानंतर महिन्याभराच्या आतच करून घ्यावी लागते.

आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या भेटी देतात. त्या शेवटच्या भेटीत त्यांना हे जरूर विचारावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश २०१३ पासून आहे आणि पुढचे उपचार मोफत होतात. डॉक्टरांच्या हाती अंधाऱ्या खोलीत दोन मिनिटांची एक तपासणी असते. विशिष्ट दुर्बिणीतून उजेड टाकला की निरोगी बाहुली लालसर चमकते. १९९६ नंतर माझ्याकडे आलेले एकही तान्हे मूल या तपासणीवाचून परत गेलेले नाही.

आणि झोपेतले एखादे हसू हसू नसतेच, तेही सांगून टाकतो. ओठाचा एकच कोपरा तालात, ठरावीक ठेक्याने उडत राहिला, नजर एकीकडे खिळली, रंग निळसर झाला आणि हलकेच धरल्यावरही ते थांबले नाही, तर ते झटके असू शकतात. मोबाईलवर टिपून घ्यावे आणि तडक दवाखाना गाठावा.

सोमवारच्या मुलीच्या दोन्ही बाहुल्या छान लाल चमकल्या. आईला मी न बोलता तिच्यावर वाकायला सांगितले. मुलीने डोळे मोठे करून बराच वेळ आईकडे बघितले, हसली मात्र नाही. पाच आठवडे म्हणजे अजून लवकर आहे, असे मी सांगितले. वडिलांना म्हटले, पुढचे चित्रीकरण दिवसा, तिच्या जागेपणी करा आणि आवाज न करता करा. आजींचे समाधान झालेले दिसले नाही. जाताना त्या दाराशी थांबून म्हणाल्या, "म्हणजे झोपेतलं सटवाईचं आणि जागेपणीचं आमचं, असंच ना?" मी हो म्हटले. पुढच्या आठवड्यात लसीला येतील तेव्हा पुन्हा पाहू.