विंचू : सवयी आणि सावधगिरी

उन्हाळा सरत आला की पांढुर्णा-सौंसर भागात घरोघरी विंचू निघू लागतात. विंचू हा कोळ्याच्याच वर्गातला, आठ पायांचा जीव. दिवसा तो कवेलूंत, सरपणात, गोवऱ्यांत, जोड्यांत दडून बसतो आणि रात्री किडे-झुरळे खायला बाहेर पडतो. तो आपणहून अंगावर येत नाही. हातापायाखाली दबला की नांगी मारतो.

मोठा काळा विंचू भयंकर दिसतो, पण जास्त घातक आहे लहान तांबडा विंचू. त्याच्या विषाने रक्तदाब एकाएकी वाढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. लहान मुलांना धोका सर्वाधिक. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी वेदना कमी असली तरी निर्धास्त राहू नये.

यावर उपचार आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध विंचूदंशावर वापरले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा सुमारे चाळीस दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण औषध वेळेवर पोटात गेले तरच उपयोग. म्हणून पालकांना आमची विनंती आहे, झाडफुंकीत वेळ घालवू नका. दंशाची जागा कापू नका, करकचून बांधू नका. मुलाला तडक रुग्णालयात न्या. विद्यार्थ्यांनो, जोडे आणि अंथरूण झटकल्याशिवाय वापरू नका, अंधारात अनवाणी फिरू नका.