लुईस बारागान (१९०२–१९८८)

मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे जन्मलेले वास्तुकार बारागान यांची पदवी स्थापत्य अभियांत्रिकीची. वास्तुकला मात्र त्यांनी युरोपच्या प्रवासात व फेर्दिनां बाक यांच्या उद्यानविषयक ग्रंथांतून स्वतःच आत्मसात केली.

- एल पेद्रेगाल : मेक्सिको सिटीच्या दक्षिणेस, थिजलेल्या लाव्हारसाच्या पठारावर १९४५ पासून वसविलेली वसाहत.
- मेक्सिको सिटीच्या ताकुबाया भागातील स्वतःचे निवासस्थान (१९४८) : बाहेरून एखाद्या गोदामासारखे रुक्ष, आत मात्र कठड्याविना, भिंतीतूनच उगवल्यासारख्या भासणाऱ्या लाकडी पायऱ्या आणि गुलाबी-पिवळ्या वर्णांवर खेळविलेला प्रकाश. २००४ पासून जागतिक वारसास्थळ.
- सातेलिते मनोरे (१९५७–५८) : शिल्पकार मातियास गेरित्स यांच्या सहकार्याने, रहदारीच्या मधोमध उभारलेले पाच त्रिकोणी मनोरे, वास्तव्यासाठी नव्हे, निव्वळ दर्शनासाठी.
- प्रित्झकर पारितोषिक : १९८०; फिलिप जॉन्सन यांच्यानंतरचे दुसरेच मानकरी.